ओ’हॅलोरनांच्या फाइलीतला एकतिसावा कागद

तुमच्या दोन्ही सुटकेसांवर आडनाव ग्रँपाने स्वतः रंगवलं होतं. पत्र्यातून अक्षरं कापून आणली, पांढरा रंग डब्यात ढवळला आणि मालगाडीच्या वॅगनीवर नंबर घालतात तसं ठसठशीत नाव घातलं: ओ’हॅलोरन. ‘ओ’ नंतरचा तो छोटा स्वल्पविराम त्याने ब्रशाने वेगळा काढला, श्वास रोखून. सहार विमानतळावर हमालाने सुटकेस उचलता उचलता विचारलं, हे कुठल्या देशाचं नाव. ग्रँपा म्हणाला, “देस नहीं भाई, खानदान है.”

सकाळचं विमान होतं. डेनी, तू चार वर्षांचा होतास आणि नीला सात महिन्यांची. तुमची मुलुंडची आजी, म्हणजे तुमच्या आईची, सुनंदाची आई, मोकळेपणी रडत होती. मी रडले नाही. मी पाकिटातले पासपोर्ट आणि तिकिटं तिसऱ्यांदा तपासली आणि मार्टिनला, तुमच्या डॅडींना, सांगितलं की लसीचे दाखले वरच्या कप्प्यात आहेत. तुम्ही आत गेलात. ग्रँपा बराच वेळ काचेशी उभा राहिला. माझे पाय सुजले होते, मी त्याला हळूच म्हटलं, निघू या का. त्याने माझ्या कोपराला धरलं आणि म्हणाला, “तुला घर हवं होतं ना, शालू? चल. घरी जाऊ.”

मला वाटलं, तो माझ्या पायांकडे बघून बोलला. त्या वाक्याचा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला, चार वर्षांनी, आणि तोही डेनीच्या पत्रामुळे.

डेनी, तू लिहिलंस की शाळेत प्रत्येकाने आपलं आडनाव कुठून आलं ते लिहून आणायचं आहे, आणि डॅडी म्हणाले, आजीला विचार, तिच्याकडे फाइल आहे. शाळेसाठीचं पान मी वेगळं, इंग्रजीत टाइप करून जोडलं आहे. ते तुझ्या बाईंना दे. हे दुसरं लिखाण मराठीत आहे. सुनंदाने ते आधी वाचावं, मग मार्टिनला वाचून दाखवावं. तुम्हा मुलांना कधी सांगायचं ते त्या दोघांनी ठरवावं. सत्तावीस वर्षं मी रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि या घराचे सगळे अर्जही मीच इंग्रजीत लिहिले. आता इंग्रजीत काही लिहायला घेतलं की हातून अर्जच होतो. हा अर्ज नाही.

आधी आडनाव.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. तिथल्या एका गावचे म्हातारे फादर आम्हाला पत्रं लिहीत. त्यांनी कळवलं की ‘ओ’ म्हणजे नातू, किंवा वंशज. आणि पुढचा शब्द त्यांच्या जुन्या भाषेतला, त्याचा अर्थ समुद्रापलीकडून आलेला. म्हणजे ‘समुद्रापलीकडून आलेल्याचा नातू’. तो मूळचा परका कोण, कुठल्या समुद्रावरून आला, हे कुणालाच ठाऊक नाही. ग्रँपाला हे फार आवडलं होतं. तो म्हणे, आम्ही तिथेही बाहेरचेच होतो, बघ.

तिथून मुंबईला आला तो पहिला डेनिस, ग्रँपाचा आजोबा. घरात खाणारी तोंडं जास्त आणि जमीन थोडी, म्हणून तो इंग्रजांच्या फौजेत शिरला. फौज सुटल्यावर परत गेला नाही, इगतपुरीला रेल्वेत फिटर म्हणून लागला. फौजेत नाव लिहिताना त्याचा ‘ओ’ गळला होता. इंग्रजी अमलात पुष्कळांचा गळे. स्वातंत्र्यानंतर ग्रँपाने प्रतिज्ञापत्र करून तो सर्व्हिस बुकात परत लावला, तेव्हा यार्डातले लोक हसले होते. राजे गेले आणि हा आता राजासारखं नाव लावतो म्हणून.

पहिल्या डेनिसची बायको कोण होती? ग्रँपाच्या घरी सांगत की ती पोर्तुगीज होती. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत सगळ्यांच्या सावळ्या आज्या पोर्तुगीज असत. तिचा एकही फोटो नाही. ती लुगडं नेसायची आणि नाचणीची भाकरी थापायची, एवढं ग्रँपाला वडिलांकडून कळलं होतं. माझं मत मी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं की ती घोटीकडची कोणीतरी असणार. ग्रँपा म्हणाला, असेल. तरीच मला तुझ्या हातचं पिठलं ओळखीचं लागतं.

त्या घरात एक रीत होती. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवायचं. म्हणून डेनिसचा मुलगा मार्टिन, मार्टिनचा डेनिस, तो आपला ग्रँपा. त्याचा मार्टिन, आणि मार्टिनचा तू. ही रीत क्लेअरहून आली होती. बाकी सगळं बोटीत विसरलं, एवढं राहिलं. या रीतीनेच पुढे घोटाळा झाला.

आता माझं थोडं. माझं माहेर राहुरीकडचं, साळव्यांचं. वडील मिशनच्या शाळेत हेडमास्तर. मनमाडला रेल्वेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा ते मला टांग्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, “नव्या गावात आधी पाणी कुठे ते बघ. माणसं मागून सापडतात.” आई आतूनच म्हणाली होती, “पत्ता लागला की कळव.” त्यानंतर मी आईला आठ वेळा नवा पत्ता कळवला. मनमाडला भेटलेला ग्रँपा ट्रेन एक्झामिनर होता, गाड्यांचे डबे तपासणारा. मनमाड, भुसावळ, दौंड, पुन्हा मनमाड, कल्याण, अशा बदल्या. प्रत्येक क्वार्टरच्या भिंतीला तोच पिवळा चुना, दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी काढल्याची चार भोकं. आम्ही पाटी कधी लावलीच नाही. ग्रँपा म्हणे, आपल्याला होमला जायचंय, इथे कशाला भिंतीला भोकं पाडायची. होम म्हणजे आयर्लंड. त्याने ते बघितलं नव्हतं. त्याच्या वडिलांनीही नव्हतं.

तो निवृत्त झाला तेव्हा मार्टिनची नोकरी अंधेरीला औद्योगिक वसाहतीत होती, म्हणून आम्ही चकाल्याला सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. किल्ली हातात घेतली त्या दिवशी मी आधी नळ सोडून बघितला. पाणी सकाळी पाऊण तास येई, पण ते आमचं पाणी होतं. आई तेव्हा राहिली नव्हती. तरीही मी एक पोस्टकार्ड काढून त्यावर पत्ता लिहिला आणि ते बायबलमध्ये ठेवलं.

त्याच वर्षी ग्रँपाच्या भावाचं इंग्लंडहून पत्र आलं. आजोबा आयर्लंडमध्ये जन्मल्याचा पुरावा दिला तर नातवाला तिथलं नागरिक होता येतं. ग्रँपा ते पत्र खिशात घालून आठवडाभर हिंडला. मार्टिनही तयार झाला. त्याचं ठरलं की डॅडी आणि आई गेले तर मागोमाग आपणही तिकडेच नोकरी बघायची. मग मी फाइल उघडली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, पुढे प्रत्येक कागदाला नंबर, नाव, तारीख. माझ्या वर्गाचं रजिस्टर मी असंच ठेवत असे.

ग्रँपाचीही एक पद्धत होती. यार्डात तपासलेल्या वॅगनीवर तो खडूने खूण करी, आणि घरात निळ्या पेन्सिलीने. विजेचं बिल असो, मार्टिनचं प्रगतिपुस्तक असो, मी राहुरीला लिहिलेलं पत्र असो, वाचून झालं की मागे खालच्या कोपऱ्यात बाकदार टिक, आद्याक्षरं आणि तारीख. ज्यावर खूण नाही ते त्याने बघितलेलं नाही, हा आमच्या घरातला नियम होता. मी चिडायचे. तो म्हणे, “शालू, न बघता सोडलेली गाडी घाटात कळते.”

क्लेअरच्या फादरांकडून पहिल्या डेनिसच्या बाप्तिस्म्याचा दाखला आला. आम्ही अर्ज केला. सात महिन्यांनी तो परत आला. त्या दाखल्यावरचं वय रेल्वेच्या कागदातल्या वयाशी तीन वर्षांनी जुळत नव्हतं. आणि कचेरीने लिहिलं होतं की त्याच गावच्या दफनाच्या वहीत हा डेनिस तान्हा असतानाच वारल्याची नोंद आहे.

ग्रँपा ते पत्र घेऊन गॅलरीत बसला. मग मला म्हणाला, “म्हणजे माझा आजोबा कोण होता?” साठीचा माणूस, पण चेहरा वर्गात हजेरी घेताना नाव राहून गेलेल्या मुलासारखा. मी म्हटलं, मी फादरांना लिहिते. आणि लिहिलं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं, माझ्या नावावर. ग्रँपा पारशीवाड्याला भाजी आणायला गेला होता. फादरांनी लिहिलं होतं की चूक आमचीच, पण समजण्यासारखी. त्या घरी पहिला डेनिस तान्हेपणी गेला. तीन वर्षांनी पुन्हा मुलगा झाला, तेव्हा आजोबाचं नाव बुडू नये म्हणून त्यालाही डेनिसच म्हटलं. तिकडे तसं करत. आम्हाला पाठवलेला दाखला मेलेल्या मुलाचा होता. सोबत दुसऱ्या डेनिसचा दाखला, शिक्क्यानिशी. वय महिन्यापर्यंत जुळत होतं.

म्हणजे दार उघडलं होतं.

मी तो कागद हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. नळाला पाणी आलं होतं, पिंप भरत होतं. मला दहावा पत्ता दिसला. परका चुना, परकं पाणी, आणि आताही कळवायला आई नाही. मला मार्टिन शेजारच्या खोलीत हवा होता, आणि सुनंदाला नुकतेच दिवस गेले होते. मी ठरवलं, बाळंतपण होऊ दे, मग सांगू. खरं सांगायचं तर मी असंही म्हटलं स्वतःशी, की आयर्लंड बंद झालं तर सगळे इथेच राहतील.

फाडून टाकता आलं असतं. पण कागद फाडणं मला आयुष्यात जमलेलं नाही. मी तो फाइलीत शेवटी, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे लावला. आणि सवयीने, अगदी सवयीने, अनुक्रमणिकेत लिहिलं: क्रमांक एकतीस, फादरांचे पत्र व दाखला. खाली त्या दिवसाची तारीख. चोरी करून वहीत तिची नोंद ठेवणारी बाई मीच असेन.

नीला झाली. मी सांगितलं नाही. त्याच सुमाराला मार्टिनने पर्थच्या एका कंपनीला अर्ज केला होता, हे मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, “आयर्लंडचं बघत बसलो तर माझी पन्नाशी येईल, आई.” चार महिन्यांत त्याचं सगळं जमलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण आता बोलणं म्हणजे, मी एवढे दिवस गप्प होते हेही सांगणं. रोज सकाळी वाटे, आज. रोज पिंप भरे, आणि मी ओटा पुसून घेई.

मार्टिन, तू जिथे जायला निघाला होतास तिथे आम्ही तुझ्याआधी पोचून चूल मांडली असती. तू जिथे गेलास तिथे आमचा कोणी नव्हता. ते मी केलं. तुला घरात ठेवण्यासाठी केलं.

तुम्ही गेल्यावर पुढच्या आठवड्यात ग्रँपाने उरलेला रंग काढला, तीच पत्र्याची अक्षरं घेतली आणि एक फळी रंगवून दारावर पाटी लावली. चार भोकं पाडली, खिळे ठोकले. आयुष्यात पहिली पाटी. मी विचारलं, आता कशी आठवण झाली? तो म्हणाला, रंग वाळून गेला असता. खालचे सावंत वर येऊन पाटी बघून गेले. ते गिरणीत होते, आता एका कारखान्यात वॉचमन आहेत. म्हणाले, साहेब, नाव वाचता येत नाही पण झकास दिसतंय.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही दोघं त्या दोन खोल्यांत राहिलो. आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खाली जातात की कपाटातल्या बश्या किणकिणतात. ग्रँपा बोलता बोलता थांबे, विमान जाऊ देई, मग वाक्य पुरं करी. कधी कधी पुरं करत नसे. तो आजारी न पडता गेला, दुपारचा चहा समोर असताना. तुम्ही येऊ शकला नाहीत, ते बरोबरच होतं; लहान मुलं घेऊन कोण येणार.

तेव्हापासून मी इथे आहे. सकाळी पाणी, दहा वाजता पोस्टमन, दुपारी शेजारच्या दोन मुलींचं इंग्रजी. आम्हाला फोनचा नंबर अजून लागलेला नाही, म्हणून मार्टिन रविवारी नऊ वाजता सावंतांकडे फोन करतो. सावंतवहिनी जिन्यातून हाक मारतात, “बाई, झिलाचो फोन इलो!” आणि मी तयारच बसलेली असते. गेलं वर्षभर मार्टिन म्हणतोय, ये, कायमची ये, व्हिसाचं मी बघतो. मी दर वेळी काहीतरी काढते. मोतीबिंदू. सोसायटीची सभा. मुलींची परीक्षा. वहिनी समोर तांदूळ निवडत ऐकत असतात. परवा म्हणाल्या, “तुमका झील न्हेता म्हणता, तर जावा. हय कोणाची राखण करतास?”

मीही ताटातले खडे वेचू लागले. काय सांगणार? नवऱ्याला समुद्र ओलांडू दिला नाही, आता एकटीने कुठल्या तोंडाने ओलांडू? इथे राहिले तर हे घर म्हणजे मीच लावलेली कडी. गेले तर ग्रँपाला आत ठेवून बाहेरून कडी लावल्यासारखं होईल.

हे असं चाललं असताना डेनीचं पत्र आलं. मी फाइल काढली, टेबल पुसलं, चष्मा लावला. शाळेच्या पानासाठी पहिल्या डेनिसची जन्मतारीख हवी होती, खरी. ती एकतीस नंबरवर होती. तो कागद मी लावल्यापासून एकदाही काढला नव्हता. तारीख उतरवून घेतली आणि सहज पान उलटलं.

मागे खालच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची टिक होती. आद्याक्षरं. तारीख तुमच्या विमानाच्या आधीच्या गुरुवारची.

मी आधी अनुक्रमणिका उघडली. तीही त्याने तपासली होती. माझ्या एकतीस आकड्याशेजारी बारीक निळा ठिपका होता. मार्टिनच्या लसीचे दाखले फाइलीतून काढून द्यायला मीच त्याला सांगितलं होतं. त्याने पहिलं पान वाचलं असणार, त्याच्या पद्धतीप्रमाणे वरपासून खालपर्यंत.

म्हणजे त्याला आजोबा सापडला होता. दोन दिवस तो ते मनात घेऊन सुटकेसांवर नाव रंगवत होता. काचेशी उभा होता तेव्हाही त्याला ठाऊक होतं. मला कोपराला धरून घरी चल म्हणाला तेव्हाही. आणि मग घरी येऊन त्याने पाटी केली.

मी तो कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला, आणखी एखादा शब्द आहे का म्हणून. नाही. बघितलं, एवढंच. त्याने मला माफ केलं, की शिक्षा म्हणून गप्प राहिला, की माझ्या घरासाठी त्याने आपलं घर सोडून दिलं, हे मला आता कुणी सांगणार नाही. त्याची अपुरी राहिलेली वाक्यं मी आठवून बघते. विमान गेल्यावर तो काय बोलणार होता? दोन वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली.

डेनी, नीला, तुमच्या नावात जो समुद्रापलीकडचा आहे, तो कधी काळचा कोणी गलबतवाला असेल. तुमच्यापुरती ती मीच आहे, हे मला हे पान लिहिताना सुचलं. मला आयुष्यभर एकच पत्ता हवा होता. तो मिळाला, आणि पत्ता म्हणजे घर नव्हे हे मला पाटी लागलेल्या दाराच्या आत बसून शिकावं लागलं. घर म्हणजे ज्यांच्यापासून कागद लपवावा लागत नाही अशी माणसं, एवढी व्याख्या आता मला पुरे वाटते. म्हणून हे पाठवते आहे.

मार्टिन, एकतिसावा कागद सोबत जोडला आहे. मूळ प्रत. निळी खूण पुसू नकोस. तू रागावलास तर तो तुझा हक्क आहे. मी वाद घालणार नाही. पण हे सगळं वाचून झाल्यावरही तू मला ये म्हणालास, तर मी या वेळी मोतीबिंदू काढणार नाही. सावंतांकडून पक्कड आणीन, पाटीचे चारही खिळे उपटीन आणि फळी सुटकेसमध्ये साड्यांच्या मध्ये ठेवीन. तुझ्या दारावर जागा असेल तर लाव.

आणि ये म्हणाला नाहीस, तर पाटी आहे तिथे राहील, आणि तिच्यामागे मी.

हे पाकीट पोचायला दोन आठवडे लागतील. त्यानंतरच्या रविवारी मी साडेआठपासून सावंतांकडे, फोनजवळच्या खुर्चीवर बसलेली असेन.

तुमची आजी,
शालिनी ओ’हॅलोरन